दार आपले, रस्ता सर्वांचा

सकाळी कामावर निघावे, फाटक उघडावे आणि समोर कोणा अनोळखी गृहस्थाची मोटार आडवी उभी असावी, हा अनुभव आता केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. जालना शहरात दवाखाने, बँका आणि खासगी शिकवण्या ज्या ज्या गल्लीत आहेत, तेथील रहिवाशांच्या तो अंगवळणी पडला आहे; आणि घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीसारख्या, परवापरवापर्यंत ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली असलेल्या व आता नगरपंचायत झालेल्या गावांच्याही उंबरठ्याशी तो येऊन ठेपला आहे.

एवढ्याशा गोष्टीसाठी वृत्तपत्राने पहिल्या पानावरची जागा खर्ची घालावी काय, असा प्रश्न काही वाचक करतील. घालावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. माणसाला आपल्या घरातून हवे तेव्हा बाहेर पडता येणे आणि हवे तेव्हा घरी परतता येणे, हा नागरी जीवनाचा पहिला पाया होय. घरात छातीत कळ आलेला वृद्ध असतो, दिवस भरलेली सून असते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात धावू लागली. परंतु ती गल्लीत येऊनही दारापाशी लागू शकली नाही, तर तो क्रमांक पाठ असून उपयोग काय? आणि दुर्घटना घडली नाही, तरी रोजच्या कुरबुरींतून शेजाऱ्याशेजाऱ्यांत जे वैर साठत जाते, तेही गावाच्या प्रकृतीला कमी अपायकारक नसते.

चाकाचे वाहन या मुलखाला नवे नाही. पिढ्यान्‌पिढ्या येथील गल्ल्यांतून बैलगाड्या गेल्या, आणि त्या कधी दुसऱ्याच्या दारात सुटल्या नाहीत असेही नाही. पण बैलगाडीचा धनी ओळखीचा असे; हाक मारली की येई. तो जवळपास नसलाच, तर दोघांनी जू धरून गाडी बाजूला सारावी, इतके ते काम सोपे होते. मोटारीने या दोन्ही सोयी नाहीशा केल्या. तिचा धनी अनोळखी असतो आणि ती कुलूपबंद असते. धनी परत येईपर्यंत ती जागची हलत नाही, आणि धनी कोठे गेला हे कोणाला ठाऊक नसते. आजच्या तंट्याचे मूळ या अनोळखीपणात आणि या कुलपात आहे. माणसे पूर्वीपेक्षा उद्धट झाली, एवढ्या एकाच निदानावर थांबणे आम्हाला बरोबर वाटत नाही.

दुसरे कारण जागेचे. एक मोटार उभी करण्यास साधारणपणे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात; म्हणजे साडेबारा चौरस मीटर, मध्यमवर्गीय घरातील एका खोलीएवढी. एवढी खोली कोणी कोणास फुकट देत नाही. रस्ता मात्र देतो. साहजिकच इमारतीखाली वाहनांसाठी राखलेल्या जागेत दुकान किंवा गोदाम थाटावे आणि वाहने रस्त्यावर सोडावीत, हा व्यवहार फायद्याचा ठरतो. इमारतीखालची अशी जागा बांधकाम व्यावसायिकाला स्वतंत्र मिळकत म्हणून विकता येत नाही, ती सर्व सदनिकाधारकांची सामायिक जागा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद खटल्यात दिला. परंतु जी जागा विकता येत नाही तिचे दुकान मात्र करता येते, अशी समजूत आपल्या शहरांनी करून घेतलेली दिसते. त्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाईकाची मोटार मग पलीकडच्या घराच्या फाटकासमोर उभी राहिली, तर त्यात नवल ते काय?

कायदा या बाबतीत मुका आहे, असे समजण्याचे कारण नाही. वाहन कोठे उभे करू नये याची यादी १९८९ च्या वाहतूक नियमावलीत दिली होती, आणि तीत कोणत्याही वास्तूचे प्रवेशद्वार अडेल अशा ठिकाणी वाहन उभे करण्यास स्पष्ट मनाई होती. २०१७ मध्ये त्या नियमावलीची जागा नव्या नियमावलीने घेतली; वाहनचालकाचे कर्तव्य त्यामुळे सैल झाले नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खालील सर्वसाधारण दंड २०१९ च्या दुरुस्तीने शंभर रुपयांवरून पाचशे रुपये झाला, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास तो दीड हजारापर्यंत जातो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याचे कलम १०२ तर रस्त्यात वाहन सोडून देणारा आणि रस्त्यात जनावर बांधणारा, या दोघांना एकाच तागडीत तोलते. सार्वजनिक वाटेत अडथळा करणाऱ्यास १८६० च्या दंड संहितेने जास्तीत जास्त दोनशे रुपये दंड सांगितला होता. त्या काळी जबर असलेली ही रक्कम दीडशेहून अधिक वर्षे तशीच राहिली आणि शेवटी हास्यास्पद झाली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ ने ती पाच हजारांपर्यंत नेली आहे.

याखेरीज, ज्या दिशेने जाण्याचा एखाद्यास हक्क आहे त्या दिशेने त्याला जाता येऊ नये अशी बुद्धिपुरस्सर आडकाठी करणे, यास कायद्याच्या मराठीत ‘गैरनिरोध’ म्हणतात. तोही गुन्हाच आहे. अर्थात नुसती बेफिकिरी आणि बुद्धिपुरस्सर आडकाठी यांत अंतर आहे, आणि ‘माणूस पायी जाऊ शकत होता, अडले ते त्याचे वाहन’, असा युक्तिवाद करणारा वकीलही भेटेल. म्हणून हे कलम पहिले शस्त्र नव्हे. तथापि, ‘तुमच्या गाडीने आमची वाट अडली आहे’ असे सांगितल्यावरही जो ती हलवत नाही, त्याला अनवधानाची सबब सांगता येणार नाही, हे उघड आहे.

कायदा इतका आहे आणि तरीही घरमालक असहाय आहे, हे कसे? याचे उत्तर आमच्या ग्रामीण वाचकांना चटकन समजेल. शेताची वाट किंवा गाडीवाट कोणी अडवली, तर शेतकरी तहसीलदाराकडे जातो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे कलम ५ आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ त्याच्या पाठीशी असतात. अधिकारी जागेवर येतो, पंचनामा होतो, वाट मोकळी करण्याचा हुकूम निघतो. निकाल नेहमी वेळेवर लागतो असे नव्हे; पण कोणाच्या दारात जावयाचे, हे निदान ठरलेले असते. घराची वाट अडली, तर मात्र नागरिकाने जावे कोठे? पोलीस ठाण्यात गेल्यास ‘नगरपालिकेला विचारा’, नगरपालिकेत गेल्यास ‘हे काम वाहतूक पोलिसांचे’, असे उत्तर त्याने ऐकावे, आणि तोवर मोटारवाले आपले काम उरकून निघून जावेत! ज्या अपराधाचे आयुष्य तास-दोन तासांचे, त्याच्यावर आठवड्याने मिळणारा इलाज हा इलाजच नव्हे.

या असहायतेतून घरमालक स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच शिपाई होऊ पाहतो. कोणी चाकाची हवा सोडतो, कोणी आरसा वाकवतो, कोणी आपल्या गाडीने त्या गाडीचाच मार्ग रोखून धरतो. त्याचा संताप आम्हास समजतो. त्याची कृती मात्र आम्ही योग्य म्हणू शकत नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान हा कायद्याच्या भाषेत ‘आगळीक’ नावाचा गुन्हा आहे, आणि तो केल्याबरोबर ज्याच्यावर अन्याय झाला तोच आरोपी ठरतो. वाहन ओढून नेण्याचा किंवा त्याला जॅमर लावण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ ने गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या आदेशाशी जोडला आहे, आणि त्याचा खर्च वाहनमालकावर टाकला आहे. इंग्लंडात तर स्वतःच्या खासगी जागेत परक्याने मोटार आणून लावली, तरी जागामालकाने कायदेशीर अधिकाराशिवाय तिला जॅमर लावणे हा २०१२ पासून गुन्हा ठरला आहे. त्यामागील तत्त्व उघड आहे. बळाचा वापर खासगी हातांत गेला, की तो दुबळ्याच्या संरक्षणासाठी न होता दांडगटाच्या सोयीसाठी होऊ लागतो.

येथे घरमालकांनाही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. फाटकासमोरचा रस्ता आपल्या मालकीचा नाही. त्यावरून ये-जा करण्याचा आपला हक्क निर्विवाद आहे. पण तो हक्क वहिवाटीचा आहे, मालकीचा नव्हे. फाटकाच्या रुंदीपुरती वाट मोकळी मागणे रास्त. परंतु घराच्या संपूर्ण दर्शनी भागासमोर कुंड्या, दगड, जुने टायर किंवा लोखंडी साखळी मांडून सार्वजनिक रस्त्याचा तुकडा स्वतःच्या मोटारीसाठी राखून ठेवणे, हे त्या आडव्या मोटारीचेच दुसरे रूप होय. बाजारात विकत आणलेली ‘नो पार्किंग’ची पाटी फाटकावर लावल्याने रस्ता मनाई-क्षेत्र होत नाही. वाहतुकीची चिन्हे उभारणे आणि वाहनतळाच्या जागा ठरवणे, हे अधिकार कलम ११६ व ११७ अन्वये शासनाचे व त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्यांचे आहेत. रस्ता ओलांडून जाण्याचा हक्क प्रत्येकास आहे. तो अडवून ठेवण्याचा कोणासच नाही.

तेव्हा प्रश्नाचा निकाल लागावयाचा तो सार्वजनिक संस्थांच्याच हातून. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपंचायत ही संस्था मुद्दाम अशा वस्त्यांसाठी निर्माण केली, की ज्या खेड्याकडून शहराकडे वाटचाल करीत आहेत. त्याच दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या कामांत, रस्त्यावरील दिवे आणि बसथांबे यांच्या जोडीने वाहनतळांचाही नावानिशी उल्लेख आहे. तीर्थपुरीपुढील संधी नेमकी हीच आहे. या भागात समर्थ सहकारी साखर कारखान्याचा ‘सागर’ हा कारखाना आहे. गाळपाच्या हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर रस्त्याने जातात. अशा वेळी रस्त्याच्या कडेला वाटेल तशी उभी केलेली एक मोटार केवळ एका घराचे दार अडवत नाही, तर साऱ्या गावाची वाहतूक तुंबवते. बाजारपेठेच्या ठिकाणी आज मोकळी असलेली जागा वाहनतळासाठी राखून ठेवणे आज स्वस्त आहे. दहा वर्षांनी ती जागा विकत घेणे कोणत्याही नगरपंचायतीस परवडणार नाही. २०२३ मध्ये महानगरपालिका झालेल्या जालन्याला या दिरंगाईची किंमत आता मोजावी लागत आहे.

वाहन ठेवण्यास जागा असल्याचा दाखला दिल्याखेरीज नव्या मोटारीची नोंदणी करू नये, असे धोरण परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये बोलून दाखवले. जपानने तसा कायदा १९६२ सालीच केला, आणि तेथील अरुंद गल्ल्या त्यामुळे पुष्कळ मोकळ्या राहिल्या. तत्त्व म्हणून आम्ही त्याचे स्वागत करतो. परंतु आपल्या लहान शहरांतील दुखणे केवळ त्याने बरे होणार नाही. कारण दवाखान्यात, बँकेत किंवा मंगल कार्यालयात येणाऱ्या ज्या पाहुण्याची मोटार आपले दार अडवते, तिला तिच्या घरी जागा असतेच. रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न दाखल्याने सुटेल. दिवसाच्या दोन तासांचा सुटणार नाही. त्यासाठी गर्दी खेचणाऱ्या संस्थांनी आपल्या आवारात जागा मोकळी ठेवली पाहिजे, आणि मंजूर नकाशात वाहनतळ दाखवून तेथे दुकान थाटणाऱ्यांवर पालिकेने कारवाई केली पाहिजे.

आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक नागरी संस्थेने, घरमालकाच्या अर्जावरून, वाहन आत जाणाऱ्या फाटकासमोर तेवढ्या रुंदीचा पट्टा रस्त्यावर रंगवून द्यावा; त्यासाठी अल्प फी घेण्यास हरकत नाही. जेथे वाहन आत जातच नाही, तेथे असा पट्टा मिळू नये. पट्टा अडवल्याची तक्रार आल्यास पोलीस ठाण्याने वाहनाच्या क्रमांकावरून मालकाचा दूरध्वनी शोधून त्यास तत्काळ बोलवावे. हे काम आजच्या साधनांनी काही मिनिटांचे आहे, आणि ज्या गावात वाहन ओढून नेण्याची यंत्रणा नाही तेथेही ते करता येते. तो न आल्यास दंड व्हावा, आणि दुसऱ्यांदा तसे घडल्यास वाढीव दंडात सूट मिळू नये, मग ती मोटार कोणत्याही पक्षाची पट्टी लावून आलेली असो.

आणि मोटारवाल्यांनी? गाडी लावल्यावर मागे वळून एकदा पाहावे, की आपण कोणाचे दार तर अडवले नाही. अगदीच अडचण असेल तर घरात हाक मारून विचारावे आणि काचेआड आपल्या दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. घरमालकानेही प्रथम ‘भाऊ, गाडी जरा बाजूला घेता का?’ एवढेच म्हणावे. बहुतेक तंटे या एका वाक्याने मिटतात. उरलेल्यांसाठी कायदा आहे, आणि तो वापरणाऱ्या नागरिकाला कोणी तंटेखोर म्हणू नये.

परंतु सौजन्याचा उपदेश ही प्रशासनाच्या निष्क्रियतेची सबब होऊ शकत नाही. तीर्थपुरीच्या नगरपंचायतीने आणि जालन्याच्या महानगरपालिकेने येत्या अर्थसंकल्पात या कामासाठी स्वतंत्र तरतूद करावी व पोलिसांशी बसून कोणी काय करावयाचे याची वाटणी लेखी ठरवून ती नागरिकांना जाहीर करावी, अशी आमची मागणी आहे. फाटकासमोर एक पांढरा पट्टा ओढण्यास उड्डाणपुलाएवढा पैसा लागत नाही. रंगाचा एक डबा आणि काम करण्याची इच्छा, एवढे भांडवल त्यास पुरते.