हत्यार नंतर बघा, आधी कागद

जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचं मनात आहे, असं कुणी बोललं की गावात दोन सल्लागार लगेच मिळतात. एक म्हणतो, "माल पारखून घे." दुसरा म्हणतो, "माणूस ओळखीचा आहे, कागद नंतर करू." पहिल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. दुसऱ्याच्या नादी लागू नका.

आपल्या गोंदिया भागात काही जुन्या मालगुजार घरांत हत्यारं परवान्यावर चालत आली आहेत. आजोबा गेले, पोरं नागपूर-पुण्याला स्थायिक झाली, आणि कपाटातलं रिव्हॉल्व्हर विकायला निघतं. घोटाळा इथंच होतो. परवाना माणसाच्या नावावर असतो, वाड्याच्या नाही. परवानाधारक वारला की ते हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावं लागतं. वारसाला हवं असेल तर त्यानं स्वतःचा परवाना काढायचा. म्हणून "बाबांचं आहे, घेऊन जा, पैशाचं बघू" म्हणणाऱ्या मुलाकडून काहीही घेऊ नका, मग तो कितीही भला असो. घरात परवानाधारक वडीलधारं माणूस असेल तर एक सोय ध्यानात ठेवा: वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं जवळ असलं, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार हयातीतच वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो.

घेणाऱ्याकडेही आधी परवाना हवा. वय २१ पूर्ण, ए-१ नमुन्यातला अर्ज, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण, डॉक्टरांचा दाखला, पोलिसांचा अहवाल. मग जिल्हाधिकारी ठरवतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे.

आता व्यवहार. जुनी मोटरसायकल घेताना आपण आधी गाडी घरी आणतो आणि नाव नंतर चढवतो. इथं तसं केलंत तर मधले दिवस तुमच्याकडे विनापरवाना शस्त्र आहे, आणि त्याला दोन ते पाच वर्षं कैद आहे. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५ सांगतं की विकणाऱ्यानं खरेदीदाराच्या नाव-पत्त्यासह जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. त्या अर्जाची पोच दाखवल्याशिवाय विसार देऊ नका. नोटरीचा स्टॅम्प पेपर म्हणजे परवाना नव्हे. बालाघाट किंवा राजनांदगावकडचं हत्यार असेल तर दोन्ही परवान्यांवर कोणत्या हद्दीपर्यंत वैधता लिहिली आहे, तेही वाचा.

हे सगळं नीट असेल तरच हत्यार बघायला बसा. आधी ते रिकामं आहे याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करा. मग चाळिशी लावून नंबर वाचा. बनवणाऱ्याचं नाव, नंबर आणि बोअर परवान्यावरच्या नोंदीशी अक्षरानं अक्षर जुळले पाहिजेत. नंबराच्या जागी कानस फिरवल्यासारखा गुळगुळीत पट्टा दिसला, एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा वाकडा ठोकलेला दिसला, की उठा. कलम ८ असं आहे की खोडलेल्या नंबराचं हत्यार ज्याच्याकडे सापडेल, त्यानंच तो खोडला असं न्यायालय धरून चालतं. नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं.

देशी मालात बहुधा कानपूरच्या आयुध निर्माणीचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर समोर येईल. महिलांसाठी म्हणून २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' त्यातलंच. वेबली किंवा स्मिथ अँड वेसन म्हणून विलायती नग दाखवला तर भाव अवाच्या सवा सांगतील, कारण सामान्य माणसाला बाहेरून हत्यार मागवणं १९८०च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंदच आहे. नावाला भुलू नका. त्याचं काडतूस मिळतं का, ते आधी विचारा. धानपट्ट्यातल्या चार महिन्यांच्या ओलीत तेल न पडलेली नळी आतून खवल्यांसारखी खड्डेदार होते. उजेडाकडे धरली की कळतं. चक्री घोड्यासमोर घट्ट थांबते की डुगडुगते, हे मात्र परवानाधारक कारागिरालाच बघू द्या.

रानडुकरांसाठी हवं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: रिव्हॉल्व्हरनं पीक वाचत नाही, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावर मारलंत तर वेगळा गुन्हा.

दहा-वीस हजारांत "जुनं, चालू" म्हणून कुणी काही दाखवलं, तर तो गावठी कट्टा समजा आणि ठाण्याला कळवा. बाकी, मनात असेल तर पहिली फेरी विकणाऱ्याच्या घरी मारू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं काम बघणाऱ्या टेबलावर मारा.