घरात आलेला भुंगेरा : आधी ओळख, मग उपाय

मावळात मृगाच्या सरी सुरू झाल्या, की आंबीसारख्या गावांत तिन्हीसांजेला दिव्याभोवती अनोळखी कीटक जमतात. त्याच दमट दिवसांत कोठीतल्या तांदळातही काही वळवळताना दिसते. पुष्कळ घरांत दोहोंवर एकच उपाय होतो : विषारी औषध. वास्तविक कीटक कोण हे कळले, तर बहुधा त्याला मारण्याचे कारणच उरत नाही.

प्रथम तो भुंगेरा आहे का, हे पाहावे. भुंगेऱ्याचे पुढचे पंख कवचासारखे कठीण असून पाठीच्या मधोमध सरळ रेषेत मिळतात. झुरळाचे पंख एकमेकांवर चढलेले असतात. भुंगेऱ्यांच्या साडेतीन लाखांहून अधिक जाती ज्ञात आहेत. म्हणून केवळ रंगावर न जाता तो कोठे सापडला, हेही ध्यानात घ्यावे.

दिव्यावर आपटणारा, पेराएवढा तपकिरी भुंगेरा बहुधा हुमणीचा असतो. तो कडुलिंब, बाभळीचा पाला खातो. त्याची अळी शेतातील मुळे कुरतडते. घरातील धान्याला वा कपड्यांना त्याचा उपद्रव नाही. दिवा मालवून खिडकी उघडी ठेवावी. मुंगीसारखा सडपातळ, नारिंगी-काळा कीटक अंगावर बसला, तर मात्र त्याला चिरडू नये. चिरडल्यास त्याच्या अंगातील द्रवाने त्वचेवर भाजल्यासारखे फोड उठतात. त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडावे व ती जागा साबणाने धुवावी.

धान्यातील मंडळी निराळी. पुढे सोंड असलेला, दोन ते चार मिलिमीटरचा तो सोंडा. पिठात, रव्यात सापडणारा, सोंड नसलेला, तांबूस व चपटा तो पिठातील भुंगेरा. तो अखंड दाणा सहसा फोडू शकत नाही. कडधान्यावर पांढरे ठिपके दिसले, तर ती कडधान्यातील भुंगेऱ्याची अंडी होत.

सोंड्याची मादी दाण्यातच अंडे घालून छिद्र बुजवते. त्यामुळे चाळलेले, स्वच्छ दिसणारे धान्यही निर्जीव असेलच असे नाही. महिनाभराने ते पुन्हा तपासावे. धान्यातील ओलावा 9 टक्क्यांच्या खाली गेला, की सोंड्यांची वीण जवळजवळ थांबते. म्हणून उन्हाळ्यातच धान्य कडकडीत वाळवून, रिकामी कोठी पुसून, घट्ट झाकणात भरावे. जीव पडल्यावर मारण्यापेक्षा तो पडूच न देणे, हीच खरी यतना. भुसार दुकानातही जुन्या पोत्यांवर नवा माल रचू नये.

वखारीत धुरीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कदापि आणू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. शेजारच्या खोलीत झोपलेल्यांनाही तो गाठू शकतो.

एवढे करूनही ओळख पटली नाही, तर कीटक काचेच्या बाटलीत घ्यावा, शेजारी नाणे ठेवून वरून व बाजूने छायाचित्र काढावे आणि त्याला सोडून द्यावे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्राचे जाणकार आहेत. जवळच आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे केंद्रही आहे. तेथे विचारल्यावाचून औषधाचा डबा उघडू नये.