सोयीचे अद्वैत

नाशिकला सिंहस्थ कुंभमेळ्याची चाहूल लागली की रस्ते, घाट आणि साधुग्रामाच्या बरोबरीने आणखी एक विषय निघतो : स्नानाचा पहिला मान कोणाचा? पेशवाईत याच क्रमावरून शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात रक्त सांडले. शेवटी शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात आणि वैष्णवांनी नाशिकला रामकुंडात स्नान करावे, अशी वाटणी झाली. तीच आजही चालते. बैराग्यांनी अद्वैत मानलेच पाहिजे असे नाही. शैवांमधल्या दशनामी संन्याशांचे तसे नाही. ते आपली परंपरा थेट आदि शंकराचार्यांशी जोडतात. ब्रह्म एकच आहे आणि भेद अविद्येमुळे भासतात, असे सांगणाऱ्या परंपरेतच पाण्यात आधी कोणी उतरायचे याला इतके महत्त्व यावे, ही विसंगती हसून सोडून देण्यासारखी नाही. ती आजच्या अद्वैतप्रेमी मंडळींनाही लागू पडते.

अद्वैत आता मठापुरते उरलेले नाही. शहरोशहरी सत्संग भरतात, निवासी शिबिरे होतात, ऑनलाइन वर्ग चालतात. ‘मी देह नाही, मी मन नाही’ हे वाक्य तिथे सर्रास कानावर पडते. पण पहिल्या रांगेतल्या खुर्च्या मोठ्या देणगीदारांसाठी राखलेल्या असतात. शुल्काबद्दल किंवा वागणुकीबद्दल कोणी तक्रार केली, तर ‘तक्रार करणारा कोण आहे, ते आधी शोधा’ असे उत्तर मिळते. तेच प्रवचन कोणी परस्पर यूट्यूबवर टाकले, की मात्र हक्क, मालकी, परवानगी हे सगळे एकदम खरे ठरते. खरा दोष इथे आहे. दुसऱ्याचे दुःख पारमार्थिक, म्हणजे अंतिम सत्याच्या पातळीवर नेऊन मिथ्या ठरवायचे आणि स्वतःचा हक्क व्यावहारिक पातळीवर ठेवून वसूल करायचा, ही अद्वैताची सोयीस्कर वाटणी झाली.

यावर आक्षेप येईल की पारमार्थिक आणि व्यावहारिक सत्ता हा भेद खुद्द शंकराचार्यांनीच केला आहे; ज्ञान्यालाही भूक लागते आणि संस्थेलाही भाडे भरावे लागते. आक्षेप रास्त आहे. व्यवहारातली प्रत्येक द्वैताची खूण हा दंभ नव्हे. मुंबईच्या खेतवाडीत विडीचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज घरच्या माळ्यावर बसून देशोदेशीच्या जिज्ञासूंना नामरूपापलीकडचे सांगत आणि रोजची भजने, आरतीही निष्ठेने करत. वरवर पाहता हीही विसंगतीच. पण त्या आरतीने कोणाला खाली बसवले नाही, कोणाचा प्रश्न दडपला नाही. म्हणून विसंगती आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. तिचा लाभ कोणाला होतो आणि किंमत कोण मोजतो, हे पाहावे लागते. जी विसंगती माणसाला नम्र करते, ती साधना. जी त्याला इतरांच्या डोक्यावर बसवते, ती सोय.

ही किंमत किती मोठी असू शकते, हे नाशिकने पाहिले आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला, तरी दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याच बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये ब्रह्मविचाराची टवाळी केली नाही. सर्वांत एकच ब्रह्म असेल, तर लोकशाहीला याहून भक्कम पाया नाही, असे मान्य करूनच त्यांनी विचारले की मग या तत्त्वज्ञानातून समतेचा समाज का उभा राहिला नाही? अद्वैताला इतक्या गांभीर्याने घेणारा प्रश्न त्याच्या अनेक भक्तांनीही विचारलेला नाही.

स्नानाच्या मानाबद्दल आणखी एक युक्तिवाद होतो : क्रम नसेल तर गोंधळ होईल. तोही खोटा नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या दिवशी नाशिकमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविकांचे जीव गेले. लाखोंच्या गर्दीत शिस्त हवीच. पण मग क्रमाकडे वाहतुकीच्या नियमासारखे पाहावे, त्याला आध्यात्मिक थोरवीचे प्रमाणपत्र करू नये. नियमच असेल, तर तो भाविकांच्या सुरक्षिततेसाठी बदलण्याची तयारीही हवी. सत्संगांनाही हेच लागू आहे. शुल्क घ्या, पण हिशेब उघडा ठेवा. शिस्त ठेवा, पण तक्रारीला तक्रार म्हणूनच उत्तर द्या. साधक अपुरा असतो, घसरतो, त्यात लाज नाही. स्वतःच्या घसरणीला तत्त्वज्ञानाची ढाल करणे मात्र वाईट. २०२७च्या सिंहस्थात अद्वैतावर पुष्कळ प्रवचने होतील. ‘सर्व एकच’ म्हणणाऱ्याने आपला मान सोडायची वेळ आल्यावर कोणती पातळी निवडली, एवढे श्रोत्यांनी पाहावे. प्रवचनाची परीक्षा तिथेच होते.