दात काढण्याआधी हिरडीला एक संधी द्या

‘वय झालं, दात जायचेच’ हे आपल्याकडे इतकं मुरलंय की पन्नाशीत कवळी बसली तरी कुणाला हळहळ वाटत नाही. मला वाटते. पायरियात, म्हणजे हिरड्यांच्या जुनाट आजारात, पडणारे कितीतरी दात किडलेले नसतातच. त्यांना धरून ठेवणारं हाड झिजलेलं असतं आणि ही झीज बहुतेकांच्या बाबतीत रोखता येते.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुसमध्ये दंतसंशोधक हॅरल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या; घासणं सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. जुन्या पायरियात गेलेलं हाड असं आपोआप परत येत नाही. पण उरलेलं राखायचं तर रोजची सफाई हवीच.

स्केलिंग केलं की उपचार संपला, असं समजू नका. डॉक्टर कीटण काढतात, गरज पडली तर हिरडीखालची मुळंही साफ करतात. पण जिवाणूंचा चिकट थर त्याच दिवसापासून पुन्हा बसू लागतो. तो रोज निघाला नाही, तर काढलेला आजार परततो. ते काम दवाखाना करू शकत नाही.

रक्त येतं म्हणून घासणं सोडू नका. सुजलेल्या हिरडीलाच सफाईची जास्त गरज असते. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरा, हळुवार फिरवा, रात्री झोपण्यापूर्वी तर नक्कीच. दातांच्या फटीत साधा ब्रश पोचत नाही. त्यासाठी बारीक ब्रश मिळतो, तो घ्या. स्केलिंगने दात हलतात ही भीतीही सोडा. आधीच सैल झालेला दात कीटणाने जखडलेला असतो, एवढंच.

आणि मशेरी! गावोगावच्या आयाबहिणी दात स्वच्छ होतात म्हणून ती लावतात. पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तंबाखूमुळे हिरड्यांचा आजार वाढत राहतो. घरातल्या मोठ्यांची मशेरी सोडवा. कुणाला मधुमेह असेल तर त्यांच्या हिरड्या आधी दाखवा. साखर आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बिघडवतात.

दात काढायची वेळ घेतली असेल, तर त्याआधी हिरड्यांच्या तज्ज्ञाला भेटा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हिरड्यांच्या उपचारांचा विभाग आहे. विचारा, ‘हा दात वाचेल का?’ आणि ब्रश सोबत न्या. कसं घासायचं, ते तिथंच शिकून घ्या.