गाडी तासाला किती मिनिटे उभी?



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिले नाही. आधी पाऊस, मग डोळ्याचे ऑपरेशन... असो.

परवा पुतणीची लेक आली होती. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेची तयारी करते आहे. मागच्या खेपेस दोन गुणांनी राहिली, तेव्हापासून एकेका गुणासाठी तिचा जीव वरखाली होतो. तिच्या सरावाच्या पुस्तकात एक गणित होते. एका गाडीचा वेग थांबे वगळून ताशी ५४ कि.मी. आणि थांबे धरून ताशी ४५ कि.मी. आहे, तर गाडी तासाला किती मिनिटे थांबते? तिने वजाबाकी केली, ९. मग ९ भागिले ४५, गुणिले ६०. उत्तर १२ मिनिटे. पर्यायांत १२ होतेच. (पेपर काढणारे पक्के असतात!) बरोबर उत्तर १०.

"आजोबा, छोट्याने भागायचं की मोठ्याने, इथेच माझा घोळ होतो," ती म्हणाली. क्लासातली ट्रिक तिला अर्धीच आठवत होती.

तिला काय बोलणार? मी बी.ए., तेही मराठी घेऊन. पण गणिताचे सर रजेवर गेले की सातवीचे तास माझ्या गळ्यात पडत. "वजा करा, मोठ्याने भागा, साठाने गुणा" हे मीही फळ्यावर चौकटीत लिहून दिलेले आहे. एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "गुरुजी, मोठ्यानेच का?" मी म्हटले, "सूत्र आहे ते. पाठ कर." खरे म्हणजे मलाच ठाऊक नव्हते. मुलगा खाली बसला आणि पुन्हा त्याने कधी काही विचारले नाही.

आता या वयात तिला सांगितले ते असे. "अगो, एक तास धर. त्या तासात गाडी पुढे किती गेली? ४५ कि.मी. तेवढेच अंतर ती न थांबता गेली असती तर? ताशी ५४ ने ५० मिनिटे. मग उरलेली १० मिनिटे ती उभी होती." भागायचे मोठ्या वेगाने, कारण गाडी धावते ती त्या वेगाने. ४५ हा नुसता हिशेबातला वेग.

"पण पेपरात एवढा विचार करायला वेळ कुठे असतो?" तिचेही खरे. पण बघा, ४५ म्हणजे ५४ चे पाच षष्ठांश. म्हणजे तासाचा सहावा भाग गाडी उभी. ट्रिकेपेक्षा हे लवकर होते! आकडे वेडेवाकडे असतील तर खुशाल सूत्र वापरावे, माझी ना नाही. पण ते कुठून आले हे माहीत असले की परीक्षेच्या धास्तीत उलटे होत नाही.

मग मी तिला आपल्या कोकण रेल्वेवरचे गणित घातले. रोहा ते रत्नागिरी साधारण २०० कि.मी. धरू. गाडी धावते ताशी ७५ ने, पोचते ४ तासांत. धावण्यात गेले २ तास ४० मिनिटे, उभी राहिली १ तास २० मिनिटे. म्हणजे तासाला २० मिनिटे. आता मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की वेग ताशी ४० पर्यंत उतरवतात. समजा सगळा रस्ता ४० नेच काढला आणि थांबे तेवढेच ठेवले. धावण्यात ५ तास, एकूण ६ तास २० मिनिटे. तासाला थांबणे किती? सुमारे साडेबारा मिनिटे! ती बघतच राहिली. गाडी दोन तास वीस मिनिटे उशिरा आणि तासाला उभी मात्र कमी. हे सूत्राच्या चौकटीतून दिसत नाही.

पुस्तकातल्या गाडीला क्रॉसिंगही नसते. आपल्याकडे रोहा ते वीर दुहेरी मार्ग २०२१ साली झाला, पण वीरपासून रत्नागिरीपर्यंत एकेरीच. समोरची गाडी उशिरा आली की आपली विनाकारण उभी. शिवाय थांबण्याआधी वेग कमी करायचा, सुटल्यावर वाढवायचा, त्यातली मिनिटे वेगळीच. मुलांना एकदा तरी खरे वेळापत्रक हातात द्यावे आणि प्रत्येक स्टेशनावर गाडी किती वेळ उभी ते शोधायला लावावे, असे माझे मत आहे. शिकवणाऱ्यांनी मनावर घेतले तर एका तासाचे काम आहे.

जाताना तिने वहीतली ती चौकट खोडली नाही. तिच्या शेजारी पेन्सिलीने लिहिले, "४५ कि.मी. ला किती वेळ?" मागच्या बाकावरचा तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. कुठे आहे, माहीत नाही.