बर्फ अस्मानी, भुर्दंड सुलतानी

निसर्गाचा कोप गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे एक सोयीस्कर वचन संकटसमयी हमखास ऐकू येते. अमेरिकेतील बफेलो शहराने त्यातील फोलपणा दाखवून दिला आहे. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात तेथे चार फुटांहून अधिक बर्फ पडला आणि शहर व परिसरात चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वादळाची पूर्वसूचना काही दिवस आधीच मिळाली होती. तरीही वाहतूकबंदी लागू झाली ती २३ डिसेंबरच्या सकाळी साडेनऊच्या सुमारास. तोवर अनेक कामगार कामावर जाऊन पोहोचले होते.

अशा हवामानात माणसे घराबाहेर का पडतात, याचे उत्तर वेतनाच्या कायद्यात सापडते. अमेरिकेच्या १९३८ च्या संघीय श्रमकायद्याखालील नियमांनुसार, बर्फामुळे कचेरी एक-दोन दिवस बंद ठेवल्यास मासिक पगाराच्या अधिकाऱ्याचे वेतन कापता येत नाही. तासावर राबणाऱ्याला मात्र न भरलेल्या तासांचे काहीही देणे लागत नाही. शिवाय बहुतेक सर्व राज्यांत मालक कारण न दाखविता कामगारास काढून टाकू शकतो. साहेब खिडकीतून हिमवर्षाव पाहतो, तेव्हा उपाहारगृहात भांडी घासणारा गुडघाभर बर्फ तुडवीत असतो.

छोट्या दुकानदाराची गतही फारशी निराळी नाही. गिऱ्हाईक फिरकत नाही, नाशवंत माल सडतो. जागेचे भाडे आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाहीत. विमा कंपन्या सर्वसाधारणपणे मालमत्तेची प्रत्यक्ष हानी झाल्याखेरीज बुडालेल्या धंद्याची भरपाई देत नाहीत, आणि रस्ता बंद झाल्याने दुकानाची भिंत पडत नसते. मग तो नोकराचा रोज कापतो. दोघे पिचलेले जीव एकमेकांना शत्रू समजू लागतात आणि जागामालक, बँक व विमा कंपनी नामानिराळ्या राहतात.

बर्फ मालकाने पाडलेला नाही, मग त्याने का सोसावे, असे मुक्त बाजारपेठेचे भाष्यकार विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण तो कामगारानेही पाडलेला नाही. ज्या हानीत दोष कोणाचाच नाही, तिचा भार समाजाने वाटून घेतला पाहिजे.

हे स्वप्नरंजन नव्हे. पश्चिम जर्मनीने १९५९ साली बांधकाम कामगारांसाठी खराब हवामानाचा भत्ता सुरू केला. कोल सरकारच्या काळात १९९६ पासून तो रद्द झाला, परंतु २००६ साली ती तरतूद निराळ्या नावाने परत आणावी लागली. आता डिसेंबर ते मार्चमध्ये काम थांबल्यास बुडालेल्या निव्वळ वेतनाचे ६० टक्के, मूल असल्यास ६७ टक्के, बेकारी विम्याच्या यंत्रणेतून मिळतात. छोट्या कंत्राटदारालाही हिवाळ्यात माणसे काढावी लागत नाहीत.

बर्फाशी आपला काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी २६ जुलै २००५ आठवावा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. नाक्यावरच्या मजुराचा आणि फेरीवाल्याचा बुडालेला रोज कोणत्या हिशेबात धरला गेला? ले-ऑफच्या काळात निम्मे वेतन देण्याचे तत्त्व आपल्या कायद्यात १९५३ सालीच आले. पण पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना त्यातून वगळलेल्या, आणि नाक्यावरच्या मजुराचे नाव तर कोणत्याच हजेरीपटावर नसते.

पाऊस पाडणे शासनाच्या हाती नसले तरी उपासमार रोखणे आहे, हे १९७२ च्या दुष्काळानंतर याच महाराष्ट्राने रोजगार हमीच्या रूपाने मान्य केले आणि १९७७ साली त्याचा कायदा केला. तेच तत्त्व अतिवृष्टीच्या शहरी दिवसांना लावले पाहिजे. बांधकामाच्या खर्चावरील उपकर १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला आहे. त्या निधीतून बुडालेल्या रोजाची भरपाई मिळावी, आणि छोट्या दुकानदाराच्या हप्त्याला तितक्याच दिवसांची सक्तीची मुदतवाढ असावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी नाक्यानाक्यावर नेली पाहिजे. अस्मानी कोणाला टळत नाही. सुलतानी मात्र संघटित माणसे टाळू शकतात.