समुद्रांतील शेवाळ आणि नोंदवहींतील नांव

भातखाचरांत लावणीनंतर पाण्यावर जो निळसर-हिरवा तवंग धरतो, तो आपल्या वाचकांस नवा नाहीं. हें नील-हरित शेवाळ हवेंतील नत्र बांधून खाचरास देतें, असें डे या भारतीय शास्त्रज्ञानें बंगालच्या भातजमिनींवरून १९३९ सालीं दाखविलें. त्याचें खत पुढें कित्येकांनीं वापरून पाहिलें असेल. त्याच्याच भाऊबंदांपैकीं समुद्रांत राहणाऱ्या जातींविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत. शास्त्रज्ञ त्यांस सायनोबॅक्टेरिया म्हणतात. खरें पाहतां हें शेवाळ नव्हे, तर सूक्ष्म जंतूंचा एक अतिप्राचीन वर्ग आहे.

या समुद्री जाति खडकांवर व प्रवाळांवर केसांच्या गुंत्यासारख्या माजतात. त्यांना कांटा नाहीं, कवच नाहीं, पळतांही येत नाहीं; तेव्हां माशांनीं फस्त करूं नये म्हणून त्या अंगांत नाना प्रकारचीं जहरें तयार करतात. १९५८ सालीं हवाई बेटांत समुद्रस्नान करणाऱ्यांच्या अंगास आग होऊन फोड आले, तो प्रताप अशाच एका जातीचा होता. परंतु जें जहर निरोगी कातडीस जाळतें, त्याच्यासारखेंच दुसरें एखादें रोगट पेशीसही मारील, या आशेनें संशोधक जगभर हें शेवाळ धुंडीत आहेत.

त्यांतील एक हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९७२ सालीं अमेरिकेंतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पेटिट यांच्या मंडळीनें मॉरिशसच्या समुद्रांतून ‘समुद्रससा’ नांवाचे प्राणी गोळा केले. हा ससा नव्हे. गोगलगाईच्या कुळांतला मऊ प्राणी होय, डोक्यावरील दोन शिंगें सशाच्या कानांसारखीं दिसतात एवढेंच. त्याच्या अर्कानें कर्करोगाच्या पेशी मरतात असें दिसून आलें. पण टनभर प्राणी खर्चीं घालून हातीं आलेलें तत्त्व गुंजभरही भरलें नाहीं, आणि त्याची घटना उलगडून प्रसिद्ध होण्यास १९८७ साल उजाडलें. प्राण्याच्या शास्त्रीय नांवावरून त्याचें नांव डोलास्टॅटिन-१० असें पडलें. पुढें २००१ सालीं रिचर्ड मूर, हेंड्रिक ल्यूश आदि संशोधकांस पॅसिफिक महासागरांतील पलाऊ येथील शेवाळांत हेंच तत्त्व सांपडलें, व सारा उलगडा झाला. समुद्रसशानें तें केलेलेंच नव्हतें. शेवाळ खाऊन अंगांत सांठविलें होतें इतकेंच.

हें वाचून मला हंसूं आलें. महसूल खात्यांतील माझी कारकुनी सात-बारा पाहण्यांत गेली. नमुना सातांत नांव एकाचें, आणि पीकपाहणीस जावें तों वहिवाट दुसऱ्याचीच, हा प्रकार नित्याचा. येथें तर चौदा वर्षें पिकविणाऱ्याचें नांव कोणत्याच रकान्यांत नव्हतें, आणि फेरफार होऊनही तत्त्वाचें नांव सशाचेंच राहिलें आहे.

मूळ तत्त्व रोग्यांस देऊन पाहतां तें फार जहाल ठरलें. म्हणून त्याच्यासारखी रचना प्रयोगशाळेंत बनवून, रोगट पेशी नेमकी ओळखणाऱ्या प्रथिनास ती जोडण्यांत आली. अशा रीतीनें झालेल्या ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन या औषधास अमेरिकेंत २०११ सालीं परवानगी मिळाली. हॉजकिनच्या लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर तें दिलें जातें. त्याच जहराचीं आणखी दोन औषधें २०१९ सालीं आलीं. हा मनुष्यजातीवर उपकार आहे, आणि पेटिट यांच्या चिकाटीस माझा नमस्कार आहे.

परंतु शेतकऱ्यानें ध्यानांत धरावयाची गोष्ट निराळीच आहे. या औषधासाठीं आज समुद्रांतून चिमूटभरही शेवाळ काढावें लागत नाहीं. सर्व माल कारखान्यांत रचला जातो. ऊस वा कापूस घेणारा व्यापारी दर हंगामास दारीं येतो, तेव्हां यंदा फसलों तरी पुढील वर्षीं भाव बोलतां येतो. हें गिऱ्हाईक एकदांच येतें, बरणी भरतें, आणि पुन्हां फिरकत नाहीं. आतां तर जनुकांची मांडणी वाचून संगणकांत ठेविली कीं बरणीचेंही कारण उरत नाहीं. अशा उपयोगाबद्दल कंपन्यांकडून निधि गोळा करण्याचें २०२४ सालीं कोलंबियांतील काली येथील परिषदेंत ठरलें खरें, पण त्यांत पैसे घालणें त्यांच्या मर्जीवर सोडलें आहे. धर्मादाय पेटींत किती पडतें, हें आपण जाणतोंच.

कोणी म्हणेल, शेवाळ कोणीं पेरलें नाहीं, राखलें नाहीं, मग वांटा कसला? वाळूही कोणीं पेरलेली नसते; तरी गाडीमागें सरकार स्वामित्वधन घेतें. शिवाय वांटा नेहमीं रोकडच असावा असें नाहीं. पनामा देशांत १९९८ पासून कांहीं वर्षें चाललेल्या शोधांत तपासणीचें पुष्कळसें काम तेथल्याच प्रयोगशाळांत, तेथल्याच विद्यार्थ्यांकडून करविलें गेलें. कोइबा बेटाजवळील शेवाळांतून निघालेल्या तत्त्वास त्या बेटाचेंच नांव देऊन २००८ सालीं तें प्रसिद्ध झालें. मला ही रीत पैशाहून अधिक पसंत आहे.

आपल्याकडे साधनें नाहींत असें नाहीं. तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठांत समुद्री नील-हरित जातींचा राष्ट्रीय संग्रह १९९१ पासून आहे. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यान्वयें परदेशी माणसास येथील जिन्नस नेण्यापूर्वीं राष्ट्रीय प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. २०२३ च्या दुरुस्तीनें त्यांतील कैद जाऊन द्रव्यदंडच राहिला. मला तें बरें वाटलें नाहीं. तथापि प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिति व तिची लोकनोंदवही कायम आहे, आणि आपला हात पोंचतो तो तेथेंच.

ही वही लिहितांना आंबा, फणस व औषधी झाडपाला यांस पानें मिळतात. चिखलास कोण विचारतो? कोंकणांतील खाजणें, खारबंदिस्तीच्या आंतील खारवट तुकडे, मिठागरांचे कोंडे, यांवर वाळतांना जी हिरवी-काळी साय धरते तिला कोणी जिन्नस मानीत नाहीं. जमिनीच्या दप्तरींही असली जागा पोटखराब म्हणून आकाराबाहेर असते. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग येथील सभासदांनीं पावसाळ्यापूर्वीं एकदां पंचायतींत जाऊन ती वही उघडावी. खाजणाचें पान नसेल तर जागा, महिना, पाण्याची स्थिति व सायीचा रंग लिहून, गांवच्या शाळामास्तरांकडून छायाचित्र जोडवून, समितीच्या सह्यांनिशीं तें पान घालवावें. तारीख विसरूं नये.